जबडा मोडला तो टोप मीच

मित्रांनो, मी टोप आहे. जाड बुडाचा, दोन कानांचा, दहा लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा टोप. माझे वय अवघे अकरा वर्षे आहे, पण माझ्याकडे पाहून कोणीही मला म्हाताराच म्हणेल. माझी हकीकत तुम्हाला सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. इतर भांडी आपण किती जणांना जेवू घातले ते अभिमानाने सांगतात. मला त्याआधी कबूल करावे लागते, की मी एका भल्या माणसाचा जबडा मोडला आहे.

माझा जन्म बहरीनमधल्या सलमाबादचा. तिथे एका पत्र्याच्या शेडमध्ये कामगारांच्या मेससाठी मोठमोठी भांडी बनत. उन्हाळ्यात त्या शेडमध्ये उभे राहिले तरी माणसाचा शर्ट भिजे. मी आधी एक गोल चकती होतो. मला फिरत्या साच्यावर चढवले आणि लोखंडी दांड्याने असे दाबले, की माझ्या अंगातून किंचाळण्यासारखा आवाज निघाला. मग हातोडी, मग कानस, मग पुन्हा हातोडी. शेवटी लतीफ नावाच्या फिटरने माझ्या दोन्ही बाजूंना भोके पाडली, त्यांत रिपिटा ठोकल्या आणि मला कान बसवले. कान पक्के बसले की नाही हे पाहायला त्याने मला एका कानाला धरून गरगर फिरवले. तो स्वतःशीच हसला आणि मालकाला विचारून मला घरी घेऊन गेला.

लतीफ दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावचा. ईसा टाउनमध्ये दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो राही. त्याची बायको अजरा शाळेच्या बसवर मुलांना सांभाळण्याचे काम करी. मुलगी मुस्कान तेव्हा लहान होती, आता नववीत आहे. तिला घरातली मराठी सगळी समजते, पण ती उत्तर इंग्रजीत देते. आणि बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपणारा लतीफचा धाकटा भाऊ फारुख. तो घरोघरी गॅसचे सिलिंडर पोचवी. भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन तीन मजले चढणारा तो माणूस. त्याचे हात मला फार आवडत.

त्या घरात माझे फार कौतुक झाले. ईदची बिर्याणी माझ्यात, पाहुण्यांसाठी वड्यांसोबतची सागोती, म्हणजे मटणाचे कालवण, माझ्यात. अजरा मला राखेने नाही, लिंबाच्या सालीने घासे आणि म्हणे, "बाजारात असला टोप मिळायचा नाही. ह्यांनी स्वतः कान ठोकलेत."

पण फारुखच्या हातांना राग लवकर येई. एकदा त्याने न्हाणीघरातला आरसा बुक्कीने फोडला. एकदा फ्रीजच्या दाराला लाथ घातली, त्याचा खड्डा अजून आहे. दोनदा त्याचे लग्न ठरले आणि दोनदा मुलीकडच्यांच्या कानावर या गोष्टी गेल्या. तो शांत झाला की लहान मुलासारखा रडे, माफी मागे, आणि सगळे ते विसरून जात. मीही विसरत असे.

गेल्या जुलैत दोघा भावांची आई गावी आजारी पडली. किती आजारी, हे एकट्या लतीफला ठाऊक होते. गावाहून त्यांची चुलत बहीण हिना त्याला फोन करी आणि तो कामाच्या ठिकाणी शेडबाहेर उभा राहून आईशी बोले. घरी मात्र तो सांगे, "अम्माला जरा ताप आहे." फारुखचा व्हिसा नूतनीकरणाला गेला होता. शिक्का पडायच्या आत तो बहरीनबाहेर गेला असता, तर त्याला परत येता आले नसते. हे सगळे मला नंतर कळले. ओट्यावरच्या भांड्याला घरातल्या गोष्टी उशिराच कळतात.

ऑगस्टमधल्या एका बुधवारी आई गेली. त्याच दिवशी दफन झाले. लतीफ कामावरून आला, हात धुतले, जेवला नाही आणि कोणाला काही बोलला नाही. अजरालाही नाही. शुक्रवारी नमाजनंतर भावाला जवळ बसवून सांगायचे, असे त्याने मनाशी ठरवले होते.

शुक्रवारी फारुख त्याच्याआधी मशिदीत गेला. तिथे शेजारच्या गावचा राहील नावाचा ओळखीचा माणूस त्याला भेटला. राहीलने त्याला मिठी मारली आणि म्हणाला, "अम्मांचं ऐकलं, फार वाईट झालं. सबर कर."

फारुख घरी आला तेव्हा अजरा भात वेळून त्याचे पाणी काढत होती. लतीफ पाण्याचा ग्लास घेऊन ओट्याला टेकून उभा होता. मी धुऊन, पुसून त्याच्या शेजारी ठेवलेला होतो.

"अम्मा कधी गेली?" फारुखने विचारले.

लतीफने ग्लास खाली ठेवला. "बुधवारी. बस, सांगतो."

"बुधवारी. आणि आज शुक्रवार."

"तुझा व्हिसा अडकलाय. तू ऐकलं असतंस तर तसाच निघाला असतास."

"माझी आई होती ती."

"माझी नव्हती काय?"

मित्रांनो, यानंतरचे सांगताना मला आजही जड जाते. फारुखने माझा उजवा कान धरला. मला वाटले, तो मला फरशीवर आदळणार. त्याने मला मागे नेले आणि पूर्ण ताकदीने लतीफच्या तोंडावर हाणले. माझी कडा त्याच्या जबड्याला लागली. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला, आणि तो माझ्या बुडापर्यंत घुमला. लतीफ खाली बसला. फारुखने मला पुन्हा उचलले. दुसरा घाव पहिल्याहून खाली बसला, हनुवटीजवळ. लतीफच्या तोंडातून रक्त आले, दाताचे दोन तुकडे आले, आणि शब्द म्हणून जे काही यायचे होते ते आलेच नाही.

"चाचा, स्टॉप. प्लीज स्टॉप," मुस्कान दारात उभी राहून म्हणत होती. तिचा आवाज चढलाही नव्हता.

अजराने वेळणीतला कढत भात तसाच सोडला आणि मला फारुखच्या हातून हिसकावून घेतले. तिने मला त्याच्या पाठीत घातले. एकदा, दोनदा, तीनदा. तो हलला नाही. तो भावाकडे बघत उभा होता. मुस्कानने फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

लतीफचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. हॉस्पिटलात डॉक्टरांनी तो बसवला आणि वरचे दात खालच्या दातांना तारेने घट्ट बांधून टाकले. सहा आठवडे तोंड उघडायचे नाही. सहा आठवडे फक्त पातळ पदार्थ, तेही मोठ्या सिरिंजला नळी लावून गालाच्या आतून सोडायचे. गुदमरला तर तारा कापायला एक कटर उशाशी ठेवायचा.

हॉस्पिटलात पोलीस आला. फारुखने दोन्ही हात पुढे केले. पण लतीफने कागद मागून घेतला आणि त्यावर लिहिले, की मी पाय घसरून ओट्यावर आपटलो. घरी आल्यावर अजराने स्वयंपाकघरातच त्याला गाठले. ती रागाने नुसती पेटली होती.

"का वाचवलात त्याला? मला सांगा, का?"

लतीफ तेव्हा मुस्कानच्या छोट्या पांढऱ्या फळ्यावर लिहून बोलत असे. त्याने जे लिहिले ते अजराने मोठ्याने वाचले. "त्याला गावी पाठवतील. इथंच राहू दे. माझ्या डोळ्यांसमोर."

ही माया नव्हती, मित्रांनो. मी त्याचे डोळे पाहिले होते.

अजराने फारुखला सांगितले, "घरात राहायचं तर राहा. पण माझ्या एकाही भांड्याला हात लावायचा नाही." आणि मला तिने गॅलरीत टाकले, एसीच्या यंत्राशेजारी, पालथा. माझ्या पोटाला एका बाजूने खोल पोचा पडला होता. दिवसभर त्या यंत्राची गरम वाफ माझ्यावर येई. वाऱ्याबरोबर धूळ येई. कबुतरे माझ्या बुडावर बसत. मी म्हणे, हेच बरे. मला आत नेऊ नका.

आत लतीफ वाळत चालला होता. दूध, नाचणीची आंबील, भाताची पेज, मोसंबीचा रस. सगळे गोड किंवा सगळे सपक. दोन आठवड्यांत त्याचे आठ किलो वजन उतरले. सिरिंज दिसली की तो मान फिरवी. तिसऱ्या आठवड्यात त्याने दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतले नाही.

फारुख रोज त्याच्या खोलीच्या दारात उभा राही आणि एकच गोष्ट मागे. त्या खोलीची खिडकी गॅलरीत उघडत होती, म्हणून मला ऐकू येई.

"भाई, अम्मा शेवटी काय बोलली ते लिही. एक ओळ लिही."

आईचे अखेरचे दिवस फक्त लतीफने फोनवर ऐकले होते. हिना फोन आईच्या कानाशी ठेवून बाजूला होई. ज्या तोंडात ते शब्द होते, तेच फारुखने मोडून बंद केले होते. लतीफ फळा घेई आणि दर वेळी तेच दोन शब्द लिही. फारुख ते वाचून परत फिरे. एक दिवस मुस्कानने ते मोठ्याने वाचले म्हणून मला कळले. "तोंडानं सांगेन."

याच दिवसांत फारुख हमद टाउनमध्ये एका ग्रीक बाईच्या घरी सिलिंडर द्यायला गेला. तिचे नाव इरिनी. तिचा नवरा जहाज दुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर. तीस वर्षे बहरीनमध्ये काढल्याने ती मोडकीतोडकी हिंदी बोले. तिच्या गॅसवर काहीतरी उकळत होते आणि वासाने फारुख दारातच थबकला. तिने सांगितले, आमच्याकडे आजारी माणसाला हे सूप देतात, आवगोलेमोनो. कोंबडीचे पाणी, भात, अंडे आणि लिंबू. फारुखने एवढे चार शब्द लक्षात ठेवले आणि दुकानातून कोंबडी घेऊन आला.

भांड्यांना हात लावायची मनाई होती. मग घरात उरले कोण? गॅलरीत टाकलेला मी.

त्याने मला घासले, तेव्हा पोचा पडलेल्या जागेवर त्याचा अंगठा बराच वेळ थांबला. अजरा बसवर गेली होती. त्याने कोंबडी उकडली, भात घातला, अंडी फोडून तशीच खळखळत्या पाण्यात ओतली आणि वरून तीन लिंबे पिळली. अंड्याच्या लगेच गाठी झाल्या. लिंबाचा रस माझ्या अंगाला लागून रस्सा करडा पडला आणि त्याला धातूची चव आली. तो दोष माझाही होता.

लतीफ वासाने उठून आला. भिंतीला धरून तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, आणि त्याची नजर माझ्यावर पडली.

त्याने मला ओळखले. बांधलेल्या दातांमागून एक आवाज आला. तसा आवाज मी माणसाच्या घशातून कधी ऐकला नव्हता. त्याने उघड्या हातांनी माझे तापलेले कान धरले आणि मला आतल्या रश्श्यासकट भावाच्या अंगावर फेकले. कढत रस्सा फारुखच्या छातीवर आणि डाव्या हातावर पडला. मी भिंतीवर आदळून फरशीवर गडगडत गेलो. फारुखचा शर्ट कातडीला चिकटला. तो खाली बसला, पण त्याने हात वर केला नाही. लतीफने वाकून मला पुन्हा उचलले. या वेळी मी रिकामा होतो.

"पप्पा, नो," मुस्कान म्हणाली. शाळेतून येऊन ती दप्तरासकट उभी होती. तिच्या मागे अजरा.

लतीफचा हात वरच राहिला. मग मी त्यातून निसटून खाली पडलो.

अजराने फारुखचा हात नळाखाली धरला, नवऱ्याचे भाजलेले तळवेही तिथेच ओढले. दोन भावांचे चार हात एका धारेखाली होते. ती दोघांकडे न बघता बोलली. "खलास. आता फिटली असेल दोघांची हौस. ह्यापुढं ह्या घरात कुणी कुणावर हात उगारला, तर मी मुस्कानला घेऊन गावी जाईन. मग बसा इथं एकमेकांची हाडं मोजत. मी परत यायची नाही."

अजरा पोकळ धमकी देणारी बाई नाही. दोघांनाही ते माहीत होते.

हाताला पट्टी बांधलेला फारुख दुसऱ्या दिवशी मला काखोटीला मारून इरिनीच्या घरी गेला. तिने माझे पोचे पाहिले, त्याची पट्टी पाहिली.

"आजारी कोण?"

"मोठा भाऊ. जबडा मोडलाय."

"कोणी मोडला?"

"मी."

इरिनीने तीन अंडी आणि फेटणी त्याच्यासमोर ठेवली. "फेट. हात भरून आला तरी थांबू नकोस."

त्या दिवशी मी नीट शिजवणे म्हणजे काय ते पाहिले. एक अख्खी कोंबडी, एक कांदा, एक गाजर, तमालपत्र, मीठ. मंद आचेवर दीड तास. वर आलेला फेस काढायचा. मग पाणी गाळून त्यात अर्धी वाटी तांदूळ मऊ होईपर्यंत शिजवायचा. अंडी वेगळ्या काचेच्या वाडग्यात, फेसाळ होईस्तोवर फेटायची, त्यात दोन लिंबांचा रस. आणि मग गरम पाण्याची एकेक पळी त्या अंड्यांत धारेने सोडायची, एका हाताने फेटत राहून.

"हळू," इरिनी म्हणे. "अंडं घाबरलं की फाटतं. आधी त्याला गरम पाण्याची सवय होऊ दे. अजून हळू."

फारुखला हळू काही करता येत नसे. पहिली अंडी फाटली. दुसरी फाटली. तिसऱ्या वेळी त्याच्या कपाळावरून घाम टपकत होता, पण वाडग्यात साईसारखे पिवळसर सूप तयार झाले. इरिनीने गॅस बंद करायला लावला आणि मगच ते माझ्यात ओतू दिले. "लिंबू पडल्यावर उकळायचं नाही. आणि या टोपात ठेवायचंही नाही. लगेच काढून घे, नाहीतर लोखंड चाटल्यासारखं लागेल." मी लोखंड नाही, पण मी तो अपमान मुकाट्याने गिळला. तिचे खरे होते.

घरी त्याने तसेच केले. अजरा दारात हाताची घडी घालून पाहत होती. मिक्सरला आणि काचेच्या वाडग्याला हात लावायची परवानगी तिने न बोलता, नुसत्या मानेने दिली. सूप मिक्सरमधून काढून, दोनदा गाळून काचेच्या वाडग्यात गेले. मुस्कानने सिरिंज भरली आणि ती वाडग्यासकट आत नेली.

मग मुस्कान रिकामा वाडगा घेऊन आली. "ही वॉन्ट्स मोअर," ती म्हणाली. अजराने ओट्याकडे तोंड फिरवले आणि पदराने डोळे पुसले.

त्यानंतर रोज. कामावर जाण्याआधी फारुख सूप करी, दुपारी येऊन पुन्हा करी. लतीफच्या गालांवर थोडे मांस आले. मधल्या काळात फारुखच्या व्हिसावर शिक्का पडला. राहील घरी येऊन म्हणाला, "यल्ला, चल, आता जाऊन ये गावी. कबरीवर फातिहा पढून ये." फारुख म्हणाला, "आधी भाईचं तोंड उघडू दे."

तारा निघाल्या त्या दिवशी लतीफ हॉस्पिटलातून आला आणि थेट स्वयंपाकघरात स्टुलावर बसला. त्याचे तोंड बोटभरच उघडत होते. फारुखने नुकतेच मला गॅसवरून उचलले होते. माझ्यात काठोकाठ उकळते पाणी होते आणि फडक्याने धरलेले माझे दोन्ही कान त्याच्या हातात होते.

लतीफ बोलू लागला. शब्द जाड, तुटक येत होते. "अम्मानंच सांगितलं होतं. फारुखला बोलू नको, तो धावत येईल, नोकरी घालवील. तिनं मला शपथ घातली."

फारुख मला तसाच धरून उभा होता.

"पण शेवटचे दोन दिवस ती शपथ विसरली. तुलाच हाक मारत होती. म्हणत होती, फारुख कामावरून आला काय, त्याला जेवायला वाढा. मी फोन तुझ्याकडं द्यायला हवा होता. एवढं तरी करता आलं असतं. मी दिला नाही. मला वाटलं, तिनं घातलेली शपथ मोडू नये. ती चूक माझी, फारुख."

फारुखच्या बोटांची पकड माझ्या कानांवर आवळली. मला ती पकड ओळखीची होती. आत पाणी खळखळत होते आणि लतीफचा नुकता सांधलेला जबडा माझ्यापासून दोन हातांवर होता. अजरा जागच्या जागी थिजली. लतीफ मागे सरला नाही. त्याने नुसते डोळे मिटले.

मित्रांनो, भांड्याला स्वतःहून हलता येत नाही. जे हात धरतील, तेच आमचे मन. मी वाट पाहत होतो.

फारुख वळला आणि त्याने मला ओट्यावर ठेवले. इतक्या सावकाश, की एक थेंब सांडला नाही. मग तो फरशीवर भावाच्या पायांशी बसला आणि म्हणाला, "अजून काय बोलली? सगळं सांग, भाई. मी ऐकतोय."

लतीफ संध्याकाळपर्यंत बोलत होता.

मला अजून त्या घरात सूप शिजवायला घेतात. माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात कोणी जिवाला लागेल असे काही सांगू लागले, आणि तुमच्या हातात काही जड असेल, तर आधी ते खाली ठेवा. मग त्याचे बोलणे पुरते ऐकून घ्या. एवढे केलेत, तरी माझ्यासारख्या कितीतरी भांड्यांना नुसते अन्न शिजवत म्हातारे होता येईल.